उठवणाऱ्यांचं देणं

सातपूरच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी क्वालिटीत गेली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज ही आमची हत्यारं. दोन इन्स्पेक्टरांनी एकच जॉब मोजला आणि रीडिंग वेगळं आलं, तर जॉबला नावं ठेवण्याआधी मोजायची पद्धत तपासायची, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवलेलं. म्हणून की काय, ज्यांचे उपकार या जन्मी फिटणार नाहीत अशांची नावं आठवायला बसलो, की माणसांच्या रांगेत एक मोजमापही येऊन उभं राहतं. बायको म्हणते, आता स्टॉपवॉचलाही हार घाला. घालीनही. माझ्या वडिलांना अंथरुणातून उठवलं ते तीन बायकांनी, जमिनीवर चिकटवलेल्या एका पट्टीने आणि एका मोबाइलने.

बाबा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. 1925 ची ती प्रेस आणि तिच्या मागोमाग 1928 ला आलेली करन्सी नोट प्रेस, या दोघींच्या पगारावर आमच्या भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची घरं उभी राहिली. बाबांचं काम मोजणीचं. छापलेल्या तावांचा हिशेब एका कागदाने जरी चुकला तरी कोणी घरी जायचं नाही, असा तिथला शिरस्ता ते कौतुकाने सांगत. ऐंशी ओलांडली तरी पहाटे मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत जायचं, देवाला हात जोडायचे आणि येताना भाजी आणायची, हा नेम. रिक्षावाल्यांशी त्यांचं कायमचं वाकडं.

त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या पायऱ्या ते स्वतःच्या पायांनी चढले, वर मलाच म्हणाले, ‘‘हात सोड, मी काय लहान आहे का?’’ पुढे ताप उतरला, एक्स-रे सुधारला, छाती मोकळी झाली, घरी सोडायची भाषा सुरू झाली. त्या दिवशी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, तर पाय लटलटायला लागले आणि दोघांनी धरूनही उभं राहता येईना. आजार गेला होता आणि माणूस बसला होता.

यात वाईट कोणीच वागलं नव्हतं. हाताला सलाईन, खाली लघवीची नळी, पलंगाचे दोन्ही कठडे वर, फिनाइलने पुसलेली ओली फरशी. पलंग इतका उंच की बाबांचे पाय जमिनीला टेकायचेच नाहीत. त्यात सिन्नरहून आत्या आली होती. भावावर जीव टाकणारी बाई. बाबांनी कूस बदलली तरी ती उठून उभी. ‘‘दादा, उठू नको रे. काय पाहिजे ते मला सांग.’’ पाणी ती पाजणार, घास ती भरवणार, पाय ती चेपणार. नर्सही तिला म्हणायच्या, आजी, बरं झालं तुम्ही आहात, नाहीतर पडतात हो ही म्हातारी माणसं. पेशंट पडला की वॉर्डात धावपळ होते, कागद रंगतात, नातेवाईक भांडतात. पेशंट नुसता पडून राहिला, तर कोणाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. माझ्या कारखान्यात असं चाललं नसतं.

नंतर वाचत गेलो तसं कळलं, की हे सगळीकडेच असं आहे. अमेरिकेत सिंथिया ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डातल्या वृद्ध माजी सैनिकांच्या अंगावर छोटे सेन्सर लावून पाहिलं. 2009 साली त्यांनी मांडलेला हिशेब असा, की मोजलेल्या वेळातला 83 टक्के वेळ ही माणसं आडवी होती. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला मध्यक 43 मिनिटं. ते सैनिक होते, आपले प्रेसमधले नव्हेत! त्याआधी 2007 साली धडधाकट वृद्धांना 10 दिवस पलंगावर ठेवून पाहिलं, तर पायांचं साधारण 1 किलो मांस झडलं होतं. त्यांना काही आजारही नव्हता. आणि लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी तर 1947 सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये झोपून राहण्याचे धोके अवयवागणिक लिहून ठेवले होते. म्हणजे ही गोष्ट माहीत होऊन पाऊण शतक झालं आणि पलंगाचे कठडे अजून वरच आहेत.

बाबांसाठी फिजिओथेरपिस्ट आली ती छातीसाठी. कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायची, श्वास आत ओढून चेंडू वर करायचं ते प्लॅस्टिकचं खेळणं द्यायचं, एवढंच लिहून दिलेलं. पंचविशीची पोर, आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून शिकून बाहेर पडलेली. म्हसरूळचं हे विद्यापीठ 1998 पासून नाशकात आहे, पण आमच्यासारख्यांना ते दिंडोरी रोडवरून जाताना दिसणारी पाटी, एवढंच माहीत. तिने छातीचं काम उरकलं आणि चादर बाजूला करून बाबांच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या.

‘‘आजोबा, घरी चालत होतात ना?’’

‘‘रोज मुक्तिधाम.’’ बाबांनी तेवढ्यातही ऐट सोडली नाही.

‘‘मग आता खुर्चीत बसू या.’’

आत्या मध्ये पडली. ‘‘नको गं बाई. काल जरा उठवलं तर घेरी आली त्याला.’’

ती वाद घालत बसली नाही. झोपलेलं असताना रक्तदाब घेतला, बसवून घेतला, मग उभं करून घेतला. डॉक्टरांशी बोलली. नळी काढण्याजोगी होती, ती काढायला लावली. कठडा खाली केला, पलंग खाली घेतला. तो पलंग खाली येतो हे आम्हाला इतक्या दिवसांत ठाऊकच नव्हतं. मग हात असलेली एक खुर्ची आणली, तिच्यापासून 3 मीटरवर चिकटपट्टी लावली आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं. मी सरसावून बसलो. आता माझ्या ओळखीचं काहीतरी चाललं होतं.

खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. एवढीच परीक्षा. 1986 साली मथायस, नायक आणि आयझॅक्स यांनी ती बसवली, तेव्हा बघणाऱ्याने नजरेनेच 1 ते 5 गुण द्यायचे होते. आमच्या भाषेत व्हिज्युअल इन्स्पेक्शन. नजरेचे गुण ढोबळ वाटले, तेव्हा 1991 साली कॅनडातल्या पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन यांनी तिला घड्याळ जोडलं. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजावं, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. बाबा ज्या दिवशी पहिल्यांदा ही परीक्षा देण्याइतके उभे राहिले, तेव्हा वॉकर धरून त्यांना त्याच्या तिप्पट वेळ लागला.

मीही माझ्या मोबाइलवर वेळ लावली होती. आमचे आकडे जुळले नाहीत. तिने ‘चला’ म्हटल्यावर घड्याळ दाबलं होतं, मी बाबांची पाठ खुर्चीपासून सुटल्यावर. ‘‘दादा, तुम्हाला यात रस दिसतोय,’’ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलचा स्टँड घेऊन आली.

तिचा भाऊ कॉम्प्युटर इंजिनिअर. त्याने तिला गूगलचं मीडियापाइप नावाचं फुकट मिळणारं साधन लावून दिलं होतं. व्हिडिओतल्या माणसाच्या अंगावरचे 33 बिंदू ते ओळखतं. नाक, खांदे, कोपर, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे, टाचा. हजारो चित्रांवर शिकवलेली ही कृत्रिम बुद्धिमत्ता. तिला पाय म्हणजे काय ते कळत नाही, पण गुडघा कुठे असायला हवा याचा अंदाज ती दर सेकंदाला कितीतरी वेळा बांधत राहते. त्या बिंदूंना रेघा जोडल्या की पडद्यावर काड्यांचा माणूस हलायला लागतो. तिने आमची रीतसर परवानगी घेतली, बाजूच्या पलंगाचा पडदा ओढला आणि कॅमेरा फक्त खुर्चीकडे वळवला.

पहिल्या झटक्यात फसलं. बाबांचा लेंगा घेरदार. त्यात गुडघा कुठे आहे ते मशीनला सापडेना, काड्यांचा पाय मध्येच डावीकडे उडायचा. लेंगा गुडघ्याच्या वर दुमडून बांधला तेव्हा जमलं. माझ्यातला इन्स्पेक्टर खूश झाला. कुठल्याही गेजला त्याची मर्यादा असते आणि ती पहिल्या दिवशीच कळलेली बरी. घट्ट पँट घातलेल्या माणसांवर शिकलेल्या मशीनला आमची धोतरं, लेंगे, पाचवारी आणि नऊवारी शिकवायला लागतील, नाहीतर ते आमच्या म्हाताऱ्यांना आहेत त्यापेक्षा लंगडं ठरवील.

आत्या पलंगावर बसून हे सगळं नाक मुरडून बघत होती. ‘‘मशीनला काय कळतंय माणसाचं?’’

फिजिओ म्हणाली, ‘‘आजी, आधी तुम्ही करून दाखवा. मग आजोबांना जमेल.’’

आता भावाच्या आधी परीक्षा द्यायची म्हटल्यावर आत्या मागे हटते होय? पदर खोचून उठली, तुरुतुरु गेली, वळली, आली, बसली. मग बाबांचा व्हिडिओ तिला दाखवला. चेहरा नाही, कपडे नाहीत, आजारपण नाही, नुसत्या काड्या. त्या काड्यांचा माणूस खुर्चीच्या दांड्यावर हात टेकतो, पुढे झुकतो, परत मागे कलंडतो. परत टेकतो, परत कलंडतो. तिसऱ्यांदा उठतो. आत्याने दोनदा बघितला तो व्हिडिओ. म्हणाली, ‘‘हा चालायला अडत नाहीये. हा उठायला अडतोय.’’

आकडेही तेच सांगत होते. एकूण वेळातला मोठा वाटा उठण्यात आणि वळण्यात जात होता. सरळ चालणं त्या मानाने बरं होतं. स्टॉपवॉच हे सांगू शकत नाही. ते बेरीज देतं, फोड देत नाही. फिजिओने मला प्रामाणिकपणे सांगितलं, की नुसती बेरीज हवी असेल तर मोबाइलची काही गरज नाही, घड्याळ पुरे. आणि हेही म्हणाली, की बाबांची पोटरी दाबली तेव्हाच तिला हे माहीत होतं. मग कॅमेरा कशाला? माझं मत विचाराल तर, आत्यासाठी. मी सांगितलं असतं तर ‘तुला बापाची कीव नाही’ असं झालं असतं. फिजिओने सांगितलं असतं तर ‘कालची पोर मला शिकवते’. मशीनचं आमच्या घराण्याशी काही नातं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर रुसायची सोय नव्हती. दुसऱ्या सकाळी मी डबा घेऊन गेलो तर आत्या बाबांना म्हणत होती, ‘‘दादा, ऊठ. मशीन बघतंय.’’ मशीन तेव्हा तिथे नव्हतंच.

तिसरी बाई वॉर्डातली मावशी. सुरगाण्याकडची, कंत्राटावर लागलेली, दिवसभर बेडपॅन आणि चादरी. फिजिओ दिवसातून एकदा यायची, उरलेला दिवस या मावशीचा. फिजिओ बाबांना शिकवायची ते हिने झाडू मारता मारता उचललं होतं: खुर्चीत पुढे सरका, पाय मागे घ्या, नाक अंगठ्याच्या पुढे जाईल इतकं वाका, मग उठा. तिच्या तोंडी ते ‘‘बाबा, नाक फुडं’’ एवढंच झालं. जेवणाचं ताट तिने पलंगावर ठेवायचं बंद केलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवायची आणि निघून जायची. भूक लागली की बाबा उठायचे. कुठल्याही पुस्तकात याहून चांगला व्यायाम नसेल.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाची एक आठ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. 1 म्हणजे नुसतं आडवं, 3 म्हणजे पलंगाच्या कडेला बसणं, 4 म्हणजे खुर्चीत जाणं, 5 म्हणजे मिनिटभर उभं राहणं, 8 म्हणजे 250 फूट किंवा जास्त चालणं. नर्सने दिवसभरात पेशंट कुठल्या पायरीपर्यंत पोचला तो आकडा लिहायचा. यासाठी कसलंही मशीन लागत नाही. मी ती वहीच्या पानावर लिहून पलंगाशी चिकटवली. बाबांना मोजणीचं वेड होतंच. ‘‘काल 4 होता, आज 5 लिही,’’ असं ते स्वतः बजावू लागले, आणि मिनिट पुरं झालं नसेल तर मी 4 च लिहायचो. प्रेसचा माणूस, त्याला ते पटायचं.

मशीनचं खरं काम जिथे आहे तिथलं एक उदाहरण सांगतो. स्टॅनफर्डच्या सेरेना युंग, फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉल्ट लेक सिटीतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात खोली (डेप्थ) मोजणारे सेन्सर लावले. ते चेहरा टिपत नाहीत, फक्त अंतर टिपतात, त्यामुळे माणूस आकृतीसारखा दिसतो. पेशंटला पलंगावरून उठवलं का, पलंगावर नेलं का, खुर्चीत बसवलं का, खुर्चीतून उठवलं का, एवढ्या चार गोष्टी मशीनने ओळखायच्या. 2019 साली छापलेल्या निकालात, हालचाल झाली तेव्हा ती ओळखण्याचं प्रमाण 87 टक्क्यांच्या आसपास आणि नव्हती तेव्हा नाही म्हणण्याचं 89 च्या आसपास. मात्र मदतीला किती माणसं होती, हे मोजण्यात तेच मशीन 69 टक्क्यांपर्यंतच पोचलं. हे वाचताना मला मावशी आठवली.

याच्या उलट आमच्या इथे विकायला येतात ते गजर. म्हातारा पलंगावरून उठला की वाजणारे. मेम्फिसच्या एका रुग्णालयात 16 वॉर्डांत असे गजर वाढवून पाहिले. 2012 साली निकाल आला, की गजरांचा वापर वाढला, पडणं काही कमी झालं नाही. आमची आत्या म्हणजे असाच एक गजर होती, फरक इतकाच की ती मायेने वाजायची. मला हवंय ते उलटं यंत्र. दुपारचे दोन वाजले, हे आजोबा सकाळपासून उठले नाहीत, म्हणून नर्सच्या टेबलावर ओरडणारं. असं यंत्र कोणी बनवत असेल तर माझा उरलेला जन्म मी त्याचं कॅलिब्रेशन फुकट करून देईन. पडदा, झाकपाक, कोणाची चित्रं कुठे साठवतात याचे नियम, हे सगळं आधी ठरवून घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको. वॉर्डात स्पंजिंगही होतं.

आणि हे नाशकात होऊ शकत नाही असं मला कोणी सांगू नये. पावलं मोजायची विद्या आमच्या गंगेवर आधीच वापरून झाली आहे. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. पुढच्या सिंहस्थाच्या तयारीत, मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन नावाची शिबिरं भरली, नवी जुनी पोरं एकत्र बसली. त्यातूनच नीलय कुलकर्णी या इथल्या शाळकरी मुलाने ‘आशिओतो’ ही चटई केली. पायाचा दाब ओळखून किती माणसं गेली ते ती मोजते. 2015 च्या कुंभात तिने 18 तासांत पाच लाखांवर माणसं मोजली. पाच लाखांची गर्दी मोजणाऱ्या गावाला एका पलंगाशेजारची आठ पावलं मोजायला जड जाऊ नये.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच मापात बसत नाही, ती म्हणजे जमिनीवरून उठणं. आमची पिढी आणि आमच्या वरची पिढी पाटावर जेवली, सतरंजीवर बसली, भारतीय बैठकीच्या संडासात गेली. खुर्चीतून उठता आलं म्हणजे घर चालतं, हे साहेबाच्या घरी. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ जिल अराऊजो यांनी जमिनीवर बसून उठण्याची 10 गुणांची परीक्षा लोकांपुढे आणली, 2012 पासून तिची जगभर चर्चा आहे. ती मात्र घरी एकट्या म्हाताऱ्याने करून बघायची नाही. बाबांनी फिजिओला निघताना एवढंच विचारलं, ‘‘पूजेला खाली बसता येईल का?’’ ती म्हणाली, पुढच्या महिन्यात विचारा. तोवर देव स्टुलावर ठेवले.

बाबा घरी आले, हळूहळू मुक्तिधामच्या कमानीपर्यंत जायला लागले, परतीला रिक्षा. त्या रिक्षावाल्याशीही दोस्ती झाली. देव शेवटपर्यंत स्टुलावरच राहिले. गेल्या साली बाबा गेले, घरी, आणि आदल्या संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालून.

फिजिओ आता दुसऱ्या शहरात असते. दिवाळीला मेसेज येतो, तिच्या नव्या पेशंटांच्या काड्यांच्या माणसांचे व्हिडिओही ती नाव-चेहरा न येऊ देता दाखवते. आत्या सिन्नरला शेजारच्या बायकांना ‘नाक पुढे’ शिकवते आणि हे आपणच शोधलं असं सांगते. मावशीला साडी द्यायला मी त्या वॉर्डात गेलो, तर सफाईचं कंत्राट बदललेलं. नव्या एजन्सीने जुन्या बायका ठेवल्या नव्हत्या. कोणाकडे पत्ता नव्हता. साडी कपाटात आहे.

तिचं देणं तिला देता येत नाही, म्हणून जमेल तसं इतरांना देतो. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात दर मंगळवारी सकाळी मी हाताची खुर्ची, चिकटपट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन बसतो. माझी मुलगी सुट्टीवर असली की मोबाइलचा स्टँडही लागतो. ज्यांना 12 किंवा जास्त सेकंद लागतात त्यांना औषध सांगत नाही, फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो. कोणाचं माणूस हॉस्पिटलात असेल तर डॉक्टरांना एक प्रश्न रोज विचारायला सांगतो: आज यांना किती वेळ बसवू आणि किती चालवू? ‘नाही’ हे उत्तर असेल तर कारण विचारायचं आणि उद्या परत विचारायचं. मंगळवारी तुम्हीही या. रोजचीच चप्पल घालून या आणि काठी वापरत असाल तर ती घरी ठेवू नका. मोजायचं ते तुमचं रोजचं चालणं आहे.